साडेअकराची भरती

आमच्या क्लासमध्ये काहीही बिघडलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? साल १९९४. डोंबिवली पूर्वेला, पिठाच्या गिरणीवरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. पाच मशीन मुलांच्या खोलीत आणि सहावं साठेसरांच्या केबिनमध्ये. खालची गिरणी सुरू झाली की टेबलं थरथरायची आणि कीबोर्डवर पिठाची पूड बसायची. ती पूड पुसण्यापासून सी भाषा शिकवण्यापर्यंत सगळं मीच करायचे. मुलं मला तोंडावर सुमती मॅडम म्हणायची. पाठीमागे काय म्हणायची ते मला ठाऊक होतं, कारण माझा आवाज गिरणीच्या वर चढायचा.

हरिहर साठे, म्हणजे आमचे सर, टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन या धंद्यात पडलेले. माणूस सज्जन, कडक इस्त्रीचा, वेळेचा पक्का. फक्त पंचांग हातात घेतलं की त्यांच्यातला इंजिनीअर रजेवर जायचा. त्या वर्षी त्यांनी सी भाषेची नवी आवृत्ती विकत आणली आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर स्वतःच्या हाताने सहाही मशीनवर चढवायचं ठरवलं. मी म्हटलं, आधी एकावर घालून बघू, चार दिवस चालवू, मग बाकीच्यांचं बघू. सरांनी मला 'शुभस्य शीघ्रम्' ऐकवलं. झालं. मशीनना झेंडूच्या माळा पडल्या, मॉनिटरला हळदकुंकू लागलं, पेढे वाटले गेले आणि सरांनी पहिली फ्लॉपी सरकवली.

इन्स्टॉलर प्रश्न विचारत विचारत पुढे जातो. हो असेल तर वाय दाबा, नाही असेल तर एन. आता सरांच्या घरचा नियम असा, की दसऱ्याच्या दिवशी कशालाही नाही म्हणायचं नाही. सरांनी तो नियम मशीनलाही लावला. नव्या सीला पाथमध्ये पहिली जागा देऊ का? वाय. लायब्ररीची जागा आधी होती तीच ठेवू का? वाय. एकेका मशीनला नऊ प्रश्न, म्हणजे एकंदर चोपन्न वेळा हो. मी शेजारी उभी राहून पेढा खात होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हेही सांगून टाकते.

सोमवारी सगुणा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

सगुणा कोळी मोठागावची. वडील धाकू खाडीत होडी घालायचे, आई भागीरथी पश्चिमेच्या बाजारात मासळी विकायची. बारावी करून पोरगी आमच्याकडे आली होती. बोलणं कमी, पण जे बोलेल ते ठाम. दीड वर्षात तिने एक प्रोग्राम लिहिला होता. तारीख घाला, की त्या दिवशी मोठागावच्या खाडीला भरती किती वाजता येणार ते तो सांगायचा. कोळ्यांचा हिशोब जुनाच आहे: तिथीची पाऊणपट केली की समुद्रावरच्या भरतीची वेळ येते. पण खाडीत आत पाणी पोचायला उशीर लागतो. तो उशीर नेमका किती, हे मोजायला सगुणा चार महिने घड्याळ घेऊन रेतीबंदराच्या धक्क्यावर उभी राहिली होती. सरासरी अडीच तास निघाला. तो अडीच तास तिच्या प्रोग्राममध्ये होता आणि दुसऱ्या कोणाच्याच नव्हता.

त्या प्रोग्रामवर तिचं बरंच काही अवलंबून होतं. मानपाड्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागाला एक प्रोग्रामर हवा होता. तिथले प्रमुख त्र्यंबक देवधर येत्या शनिवारी आमच्याकडे येऊन तिचं काम डोळ्यांनी बघणार होते. ना पदवी, ना ओळख. हातात होता तो एवढा एक प्रोग्राम. तो चालला तर नोकरी, नाही तर आईशेजारी बाजारात बसायचं. बाजाराची तिला लाज मुळीच नव्हती. मला मासे कापता येतात आणि सीसुद्धा येतं, ती एकदा म्हणाली होती, पण काय करायचं ते मी ठरवणार.

तर सोमवारी ती म्हणाली, "मॅडम, माझा प्रोग्राम खोटं बोलतोय."

मशीनवर एरर नव्हती. प्रोग्राम नीट कंपाइल होत होता, म्हणजे लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरत होतं, आणि आकडे सुबक रांगेत छापत होता. पण त्या दिवशी त्रयोदशी, म्हणजे भरती सव्वाबाराच्या सुमारास यायला हवी, आणि प्रोग्राम सकाळी सात चाळीस सांगत होता. मी तिला झापलं. मशीन चुकत नसतं, तूच सुट्टीत काहीतरी ढवळून ठेवलं असशील, शनिवार तोंडावर आलाय आणि तुला आता जाग येते का, वगैरे. माझा तोंडाचा पट्टा सुरू झाला की पोरं माना खाली घालतात. सगुणाने घातली नाही. तिने दसऱ्याच्या आदल्या दिवशी काढलेला छापील कागद माझ्यासमोर ठेवला. तोच प्रोग्राम, तीच ओळ न् ओळ, आणि त्यावर सोमवारची भरती सव्वाबारा.

मग मात्र मी खुर्ची पुढे ओढली.

मशीनला 'पाथ' एवढं विचारलं की ते आपली वाट दाखवतं, म्हणजे कुठलाही प्रोग्राम शोधताना ते कुठकुठल्या कप्प्यात आणि कुठल्या क्रमाने डोकावणार ती यादी. चाळीत जाऊन कुलकर्णी कुठे राहतात विचारलं, तर पहिल्या कुलकर्ण्यांच्या दारावर नेऊन सोडतात. तुम्हाला कुठले हवे होते हे कोणी विचारत नाही. मशीनचंही तसंच. जुन्या सीच्या कंपायलरचं नाव आणि नव्या सीच्या कंपायलरचं नाव एकच. सरांच्या पहिल्या वायने नव्याला यादीत पहिलं बसवलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली. आणि दुसऱ्या वायने लायब्ररी, म्हणजे तयार गणितांचं भांडार, जुनंच ठेवलं होतं. कंपायलर नवा, भांडार जुनं. दोघांची अपूर्णांक मांडायची रीत वेगळी. पूर्णांकांचं काम असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता. सगुणाच्या प्रोग्रामचा तर सगळा जीवच त्या पाऊणपटीत.

मला इतका आनंद झाला की मी टेबलावर थाप मारली. तुझं काही चुकलेलं नाही, मी म्हटलं, तुझ्या घरात दोन स्वयंपाकी शिरलेत. ती हसली. मघाचं झापणं मी परत घेतलं नाही, ते राहूनच गेलं.

पाच मिनिटांचं काम आहे म्हणत मी पाथच्या ओळीत जुन्या सीचा कप्पा अगदी पुढे टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं आणि भरती सव्वाबाराला आणून दाखवली. मी हात झाडून उठतेय तोवर शेजारच्या पोराने सांगितलं, याच मशीनवर मराठी टायपिंगचा प्रोग्राम सापडेनासा झालाय. मशीन ज्यावर चालायचं ते डॉस त्या ओळीत एकशेसत्तावीस अक्षरंच घेतं. मी पुढे एक कप्पा घातल्यावर शेपटाकडचा कप्पा कापला गेला होता. हे मला माहीत असायला हवं होतं आणि माहीत होतंही, पण घाईत कोण अक्षरं मोजतं? सगुणाने मोजली. पेन्सिलीने, कागदावर, एकेक. एकशे एकोणचाळीस निघाली.

सरळ उपाय होता नवं सी उपटून टाकायचा. तो घेऊन मी केबिनमध्ये गेले. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाथ काय आणि लायब्ररी काय हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. चूक आपली आहे हेसुद्धा त्यांनी मान्य केलं. आणि मग म्हणाले, "सुमतीबाई, दसऱ्याला बसवलेली वस्तू उठवायची नाही. निदान पाडव्यापर्यंत तरी नाही."

मी बाहेर येऊन दार जरा जोरातच लावलं. पण राग आला की माझं डोकं चांगलं चालतं. उठवायचं नाही ना? नका उठवू. दोघांना राहू दे, फक्त दारं वेगळी करू. दोन छोट्या बॅच फायली करायच्या. 'जुने' एवढं टाइप केलं की पाथमध्ये फक्त जुनं सी आणि त्याची लायब्ररी, बाकी जेवढं लागतं तेवढंच. 'नवे' टाइप केलं की नवं सी आणि त्याचं स्वतःचं भांडार. दोघं एका वेळी समोरासमोर यायचेच नाहीत, आणि ओळही आखूड.

मी टाइप करायला बसले, तर सगुणा म्हणाली की ती स्वतः करेल, मी फक्त सांगावं. कोणाला कीबोर्ड देणं हा माझा स्वभाव नाही. हात मांडीखाली दाबून बसले म्हणा ना. पहिल्या मशीनवर तिला दोन तास लागले, तिसऱ्यावर वीस मिनिटं, पाचव्यावर मी बघतही नव्हते. मशीन सुरू होतानाच 'जुने' आपोआप चालेल अशी सोय तिने शनिवारपुरती करून ठेवली. दोन्ही फायली तिने तिच्या फ्लॉपीवरही घेतल्या. राहिलं केबिनमधलं सहावं. तिथे सरांनी झेंडूची माळसुद्धा हलू दिली नव्हती. म्हटलं असू दे, तिथे कोण बसणार आहे?

शनिवारी देवधर बरोबर अकराला आले. पन्नाशीचे, बुटके, खिशाला दोन पेनं. खालच्या गिरणीत तेव्हा नेमकं डाळीचं पीठ चाललेलं, म्हणजे आवाज दुप्पट. सरांनी मोठ्या अगत्याने त्यांना केबिनमध्ये नेलं. दार लावता येतं आणि रंगीत मॉनिटर तिथेच होता, एवढंच त्यांच्या मनात. सगुणालाही आत बोलावलं. मी मागून गेले आणि भिंतीशी उभी राहिले. गिरणीच्या आवाजातून सुटल्याचंच मला बरं वाटत होतं. कुठल्या मशीनसमोर उभे आहोत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

देवधरांनी पहिल्यांदा विचारलं की प्रोग्राम कोणी लिहिला. तिने सांगितलं. मॅडमनी किती मदत केली? तिने तेही सांगितलं, नको तितकं प्रामाणिकपणे. मग ते म्हणाले, तयार फाइल नको, माझ्यासमोर कंपाइल करा आणि आजची वेळ काढून दाखवा. सगुणाने फ्लॉपी घातली. टाइप करताना तिचं एकही अक्षर चुकलं नाही. प्रोग्राम कंपाइल झाला. रंगीत पडद्यावर निळ्या चौकटीत पिवळी अक्षरं उमटली: मोठागाव खाडी, वद्य तृतीया, भरती अकरा वाजून तीस मिनिटे.

देवधर पुढे वाकले. त्यांना चौकट आवडली, मांडणी आवडली. चुकीची तारीख घालून बघितली, तर प्रोग्रामने सभ्यपणे पुन्हा तारीख मागितली, तेही आवडलं. काम स्वच्छ आहे, ते सरांना म्हणाले. सरांचा चेहरा खुलला.

मला मात्र त्या क्षणी कळलं. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन, वर अडीच तास, म्हणजे पावणेपाच व्हायला हवेत. हे सहावं मशीन होतं, इथे 'जुने' चाललंच नव्हतं. मी सगुणाकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं, ती पडद्याकडे एकटक बघत होती.

आणि मी काय केलं ते लिहिते. मी डोळे वटारले. गप्प बस, असं अगदी स्पष्ट. हा मनुष्य ठाण्याच्या भर वस्तीत राहणारा, याला खाडीची भरती कशाशी खातात ते माहीत नाही. त्याचं समाधान झालंय. नोकरी टेबलावर ठेवल्यासारखी समोर आहे. दोन मिनिटं तोंड बंद ठेवलं की झालं, मशीन मग आपण सावकाश दुरुस्त करू. हे सगळं मी डोळ्यांनी सांगितलं आणि तिने ते सगळं वाचलं. तिची मान खाली गेली. त्या पोरीची मान मी पहिल्यांदाच खाली गेलेली बघितली. ओठ हलत होते, बोटं पेरांवर फिरत होती.

मग ती म्हणाली, "साहेब, हे चूक आहे."

देवधर सरळ झाले. सरांनी घाईने सांगायला सुरुवात केली की मुलगी जरा बावरलीय. सगुणाने त्यांचं बोलणं संपू दिलं आणि म्हणाली की आज भरती पावणेपाचला आहे. आत्ता सव्वाअकरा झालेत, पंधरा मिनिटांत भरणार असती तर खाडी तुडुंब दिसली असती. रिक्षा करून रेतीबंदरावर गेलात तर आत्ता नुसता चिखल दिसेल आणि माझ्या बाबांची होडी त्यात आडवी पडलेली दिसेल.

देवधरांनी विचारलं, मग प्रोग्राम चुकलाय का? नाही, ती म्हणाली, प्रोग्राम बरोबर आहे, मशीनला दोन सी आहेत आणि दोघांची सरमिसळ झालीय. आणि तिने पाथ असं टाइप करून ती लांबलचक ओळ त्यांच्यापुढे आणली, एकेका कप्प्यावर बोट ठेवून समजावलं. मी समजावलं होतं त्यापेक्षा सोपं. चाळ नाही, कुलकर्णी नाही, सरळ जे आहे ते. देवधर खुर्ची ओढून बसले. त्यांच्या कारखान्यात महिनाभर एक पगाराचा प्रोग्राम असाच वेड्यासारखा वागत होता, असं त्यांनी हळूच सांगितलं.

दुरुस्त करायला किती वेळ लागेल, त्यांनी विचारलं. दहा मिनिटं, सगुणा म्हणाली. पण सरांची परवानगी पाहिजे.

सगळे सरांकडे बघायला लागलो. सरांनी मशीनवरच्या सुकलेल्या माळेकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. सगुणा त्यांना म्हणाली, "सर, मी काही काढत नाही. नवं तिथंच राहील. फक्त दोघांची वाट वेगळी करते."

शनिवारचा राहुकाळ साडेदहालाच संपलाय, सर म्हणाले, करा. आणि माळ त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून बाजूला ठेवली.

दहा मिनिटं म्हणाली होती, सातात झालं. तिने फ्लॉपीवरच्या फायली उतरवल्या, कप्प्यांची नावं या मशीनप्रमाणे बदलली, ओळीतली अक्षरं मोजली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. 'जुने'. कंपाइल. निळी चौकट आली: भरती सोळा वाजून पंचेचाळीस मिनिटे. मग कोणी सांगितलं नसताना तिने 'नवे' टाइप केलं आणि तोच प्रोग्राम नव्या सीमध्ये, नव्या भांडारासकट कंपाइल केला. सोळा पंचेचाळीस. अभिमान चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी उगाच खिडकी उघडायला गेले.

देवधरांनी पेनाचं टोपण लावलं. "मघाशी गप्प बसला असतात तर मला काही कळलं नसतं," ते म्हणाले.

"तुम्हाला नसतं कळलं," सगुणा म्हणाली. "होडीला कळलं असतं."

त्यांनी एक तारखेला हजर व्हायला सांगितलं. पत्र टपालाने येईल, पण त्याची वाट बघायची गरज नाही, असंही म्हणाले. सर त्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेले. जाताना मला सांगून गेले की पाडव्याच्या मुहूर्तावर बाकीच्या मशीनची अक्षरं एकदा मोजून घ्या. मी हो म्हटलं. दसरा गेला होता तरी हो म्हटलं.

केबिनमध्ये आम्ही दोघीच उरलो. सगुणा फ्लॉपी पिशवीत ठेवत होती. मला तिची पाठ थोपटायची होती, माझीच विद्यार्थिनी म्हणून गल्लीभर मिरवायचं होतं, पण हात पुढे होईना. मला लाज वाटत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही डोळे वटारलेत ना, तेव्हा मला वाटलं माझंच चुकलं असेल. तुम्हाला सगळं येतं. म्हणून मी परत तिथी मोजली. तीनदा."

मी इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याला जे म्हटलं नव्हतं, ते तिला म्हटलं. "तुझं बरोबर होतं आणि ते मला माहीत होतं. तरी मी तुला गप्प बसवत होते. चूक माझी."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, नीट वाचून घ्यावं तशी.

"तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा कळलं मला ते," ती म्हणाली, आणि घरी सांगायला जिना उतरून गेली.